दुबार नोंदींबाबत

१

विषय : संस्थेच्या आवारातील निवासस्थान क्रमांक सात रिकामे करण्यास मुदतवाढ मिळण्याबाबत.

संदर्भ : (१) निवास विभागाचे तीस दिवसांची मुदत देणारे पत्र. (२) क्ष-किरण स्रोतांची यादी, पान नऊ, ओळ चौदा.

अर्जाच्या छापील नमुन्यात ‘कारण’ या शब्दापुढे दीड ओळ मोकळी सोडलेली आहे. मी अडतीस वर्षं कारकुनी केली. असे नमुने मीच छापून घेत असे आणि ती दीड ओळही मीच मोजून ठेवत असे, कारण माणसाला जागा दिली की तो खरं लिहायला लागतो. त्या दीड ओळीत मी ‘घरगुती अडचण’ असं लिहिलं. खरं कारण इथे लिहितो.

निवासस्थान अक्काच्या नावावर आहे. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. ती खगोलशास्त्रज्ञ. वय झालं तेव्हा संस्थेने तिला निवृत्त केलं, पण ती गेली नाही, म्हणून संस्थेने तिला मानद म्हणून ठेवून घेतलं. मला माझ्या कार्यालयाने निवृत्त केलं तेव्हा मी निमूटपणे गेलो आणि सात वर्षांपूर्वी तिच्याकडे राहायला आलो. दोघंही बिनलग्नाचे. तिला वेळ मिळाला नाही आणि मला कोणी विचारलं नाही. घरात आकाश तिच्याकडे होतं. दूध, वीज आणि गळका नळ माझ्याकडे.

२

अक्काचं काम तिने मला सांगितलं तसंच सांगतो. वर एक उपग्रह आहे. तो दर सहा महिन्यांनी सगळं आकाश क्ष-किरणांत पाहून काढतो आणि जिथे डाग दिसेल तिथे नोंद करतो. अशा लाखो नोंदी. त्यांतल्या पुष्कळशा क्वेसारच्या. क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचा पेटलेला गाभा. असा क्वेसार आणि आपण यांच्या बरोबर मधे दुसरी एखादी जड दीर्घिका आली, तर तिच्या वजनाने प्रकाशाची वाट वाकते आणि तोच एक क्वेसार शेजारीशेजारी दोन ठिकाणी दिसतो. अशा जोड्या अक्काला हव्या होत्या. उपग्रहाची नजर अधू. त्याला जोडीचा एकच डाग दिसतो. म्हणून त्या जागी दुर्बिणींनी काढलेल्या फोटोंत ठिपके किती आहेत, ते ताडून पाहायचं.

“मग सरळ फोटोतच जोड्या का शोधत नाही?” मी विचारलं.

“शोध की. तारे सापडतील. शेजारीशेजारी दिसणारे तारे पैशाला पासरी. पण साध्या ताऱ्याला क्ष-किरणांत एवढा उजेड पाडता येत नाही. क्ष-किरण म्हणजे ओळखपत्र समज.”

ओळखपत्र म्हटल्यावर मला समजलं.

तिने मला पहिली अकरा पानं दिली. डागाच्या जागी एक ठिपका असेल तर एक ओळ, दोन असतील तर तोच क्रमांक घालून दोन ओळी. मी लाल पेन्सिल घेऊन दोन दिवस बसलो आणि जिथे जिथे क्रमांक पुन्हा आला होता, तिथे दुसरी ओळ खोडून समासात ‘दुबार. रद्द.’ असं लिहून खाली सही केली.

“हे काय केलंस?”

“साफ केलं. त्रेचाळीस नोंदी दुबार होत्या. तुमच्या संगणकाला एवढंही कळू नये?”

अक्का टेबलावर डोकं टेकवून हसायला लागली. हसून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाली, “अरे हेडक्लार्क, मी दुबारच शोधतेय!”

मग तिने मला माझ्या भाषेत समजावलं. समज, एकच पत्र दोन रस्त्यांनी पाठवलं. एक आज पोचलं, दुसरं तीन आठवड्यांनी. तू काय करशील?

“दुसऱ्यावर ‘पूर्वीच आवक’ असा शेरा मारून फाइलला लावेन.”

“लाव ना. पण फाडू नकोस. दुसरं पत्र खोटं नसतं रे. ते लांबच्या रस्त्याने आलेलं असतं.”

क्वेसारचा उजेड कमीजास्त होत असतो. पहिल्या ठिपक्यात जी चमक दिसली, तीच काही दिवसांनी दुसऱ्यात दिसली, की समजायचं, दोघं एकच. दुसरा बहुधा फिका असतो.

मी त्रेचाळीस ठिकाणी ‘रद्द केलेले रद्द’ असं लिहून पुन्हा सह्या केल्या. पान नऊवरची चौदावी ओळ त्यांतलीच. पुढे सगळ्या यादीत तीच सर्वांत आशेची निघाली. अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “दहा अब्ज वर्षं चालत आलं बिचारं, आणि दारात ह्याची लाल पेन्सिल!”

३

अक्का रोज पावणेसहाला घरी येई. आधी फाटकाची कडी वाजे. मग दोन पायऱ्या. दुसरीवर गुडघ्यासाठी ती जरा थांबे. मग कुलूप, मग दाराजवळच्या पितळी ताटलीत किल्ल्या, मग, “आहेस का रे?” मी आतून “आहे” म्हणे. सात वर्षांत या संवादात भर पडली नाही. पडायचं कारणही नव्हतं.

तो रविवार होता. अक्का माझ्यासमोर वेताच्या खुर्चीत बसून माझ्या शर्टाला बटण लावत होती. मी पेपर वाचत होतो. फाटकाची कडी वाजली. दोन पायऱ्या, मधे थांबणं. कुलूप. ताटलीत किल्ल्या.

“आहेस का रे?”

“आहे,” मी पेपरातून म्हणालो.

“काय आहे?” अक्काने विचारलं.

मी पेपर खाली केला. तिच्या दातांत दोरा होता. दार बंद होतं. ताटलीतल्या किल्ल्या सकाळपासून होत्या तशाच होत्या.

“काही नाही,” मी म्हणालो. “शब्दकोडं.”

४

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. अडतीस वर्षांत मी मेलेल्या माणसांचे पुष्कळ अर्ज पाहिले, पण मेलेल्या माणसाने स्वतः येऊन पाठपुरावा केल्याचं एकही उदाहरण नाही. आणि अक्का तर धडधडीत जिवंत. म्हणून मी आधी नळ तपासले. मग शेजारचं घर तपासलं. तिथे कोणी राहतच नाही. मग कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने मला एका पेटीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि म्हणाला, “तुमच्या वयाच्या मानाने कान फार चांगले आहेत.” एखाद्याला बरं वाटलं असतं.

आवाज येतच राहिला. अक्का सोमवार ते शुक्रवार कामावर जाई. हा आवाज बुधवार ते रविवार येई. बुधवार, गुरुवार, शुक्रवार ती दोनदा घरी यायची, पाच-दहा मिनिटांच्या फरकाने. कधी आधी ती, कधी आधी हा. कोणता कोणाचा, ते लगेच ओळखू येई. हा दबलेला असायचा, पांघरुणातून बोलल्यासारखा.

मग एका शनिवारी अक्का आंघोळीला गेली असताना दार वाजलं आणि पाठोपाठ काहीतरी धपाधप जमिनीवर पडून घरंगळत गेलं. एक माझ्या पायापर्यंत आलं. म्हणजे आवाज आला. फरशी स्वच्छ होती. मी पाय वर घेतले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

मी रोजनिशी काढली. मी रोजनिशीत विचार लिहीत नाही, घडलेलं लिहितो. एका गुरुवारी लिहिलं होतं : ‘अक्काची पिशवी दारात फाटली. संत्री सात. एक कपाटाखाली गेलं, काठीने काढलं.’ त्या गुरुवारपासून या शनिवारपर्यंत तेवीस दिवस. मग मागचे सगळे ताळे घातले. अक्काला सर्दी होती ते शिंकणं, छत्री विसरून परत फिरणं, सगळं तेवीस दिवसांनी. सोमवारचं बुधवारी आणि शुक्रवारचं रविवारी.

समासात शेरा लिहायला हात गेला. ‘दुबार’ एवढंच लिहिलं. पुढचा शब्द लिहिला नाही.

५

अक्काला सांगावं की नाही, यात पंधरवडा गेला. सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती.

“मी मेले नाहीये ना रे? मग भूत कोणाचं?”

“भूत मी म्हटलेलंच नाही. तूच म्हणतेस.”

“आत्ता येतंय?”

“आज मंगळवार. आज नाही येत.”

ती हसली, मग हसायची थांबली. “फरक किती म्हणालास?”

“तेवीस दिवस.”

“दर वेळी तेवढाच?”

“दर वेळी.”

“आणि फिका?”

“फिका.”

तिने सुरी खाली ठेवली. मला ‘डॉक्टरकडे जा’ म्हणाली नाही, ‘एकटा फार बसतोस’ म्हणाली नाही. म्हणाली, “तुझ्या रोजनिशीचा पुरावा कच्चा आहे. तुला आधीच माहीत असलेलंच तुला ऐकू येतंय. तुला माहीत नसलेलं ऐकू आलं तर खरं.”

पुढच्या मंगळवारी कामावर निघतानाच तिने मला दुपारी चारला न्हाव्याकडे जायला बजावलं. “केस काप. घाई करू नकोस. गप्पा मार.” परत आलो तेव्हा ती लवकर घरी येऊन बसली होती आणि टेबलावर चिकटवलेला लिफाफा होता. त्यावर तिच्या तिरक्या अक्षरात तेवीस दिवसांनंतरची तारीख होती.

“मी घरात शिरल्यावर काय केलं, ते आत आहे. ऐकलंस तर आधी लिहून काढ. मग उघड.”

“आणि नाही ऐकलं तर?”

“तर मग तुझ्या कानांना मानद म्हणून ठेवून घेऊ.”

६

त्यानंतरचा सोमवार. अकरा नव्हे, आता साठ पानं तपासून झाली होती. ती अक्काच्या टेबलावर संध्याकाळच्या आत पोचवायची होती. अडीचला मी निघालो, टेकडीच्या पायवाटेने, कारण ती जवळची. अक्काला त्याच वेळी कार्यालयात घाम आला, गरगरलं, म्हणून तिने संस्थेची गाडी मागवली आणि ती गाडीरस्त्याने घरी आली. दोन्ही रस्ते टेकडीला वळसा घालतात, दोन बाजूंनी.

कार्यालयाच्या फाटकावरचा पहारेकरी मला म्हणाला, “बाई आत्ताच घरी गेल्या. भेटल्या नाहीत वाटेत?”

“भेटतील,” मी म्हणालो.

मग तिथे मी चहा घेतला. आस्थापना विभागात माझ्यासारखंच एक जुनं खोड आहे; त्याच्याशी नवीन नमुन्यांच्या दर्जाविषयी वीस मिनिटं बोललो. ती वीस मिनिटं मी अजून कुठेही दाखल केलेली नाहीत. इथे करतो.

पावणेचारला मी घरी पोचलो. अक्का वेताच्या खुर्चीत बसली होती. पर्स मांडीवर, किल्ल्या मुठीत. डॉक्टर म्हणाले, सव्वातीनच्या सुमाराला. फार त्रास झाला नसावा, असंही म्हणाले. तसं म्हणायची पद्धत असते.

ती घरात शिरली ते तीनला पाच कमी असताना, असं गाडीवाल्याने सांगितलं. तिने मला हाक मारली असणार. सात वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. आणि सात वर्षांत पहिल्यांदाच आतून कोणी “आहे” म्हणालं नाही.

७

बुधवारी पावणेसहाला ती घरी आली.

मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभा राहिलो. फाटक, पायऱ्या, किल्ल्या. “आहेस का रे?” तिला काहीही माहीत नव्हतं. तेवीस दिवसांपूर्वीची, चांगली ठणठणीत अक्का होती ती. गुरुवारी आली. शुक्रवारी काहीतरी गुणगुणत आली.

लोक भेटायला येत. पावणेसहाच्या आत त्यांना चहा पाजून वाटेला लावण्याचं एक शास्त्र मी तयार केलं. निवास विभागाचं पत्र आलं. सांत्वन अडीच ओळींचं, मुदत तीस दिवसांची.

मी हिशेब केला होता, पण मनाला तो मान्य नव्हता. मन म्हणत होतं, म्हातारा माणूस, एकटा, सवय. जे हवंय तेच ऐकतोस. मला वाटायचं, मन खरं बोलत असावं. बोलू दे.

मग लिफाफ्यावरच्या तारखेचा गुरुवार आला. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ती नेहमीपेक्षा लवकर आली. हाक मारली नाही; मी न्हाव्याकडे आहे, हे तिला माहीत होतं. सरळ स्वयंपाकघरात गेली. माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावरून पावलं गेली आणि मी मान वळवली नाही. पातेल्यावर चमचा वाजला, पाच वेळा. मग अक्का मोठ्याने आणि सावकाश, एकेक अक्षर सोडवत, एक शिवी म्हणाली.

आमचे वडील सायकलची साखळी पडली की ती शिवी देत. अक्का तेव्हा दहा वर्षांची असेल. तिच्या तोंडून मी ती जन्मात ऐकली नव्हती.

मी लिहून काढलं. मग लिफाफा उघडला. ‘पातेल्यावर चमचा, पाचदा. त्यानंतर एक शिवी. कोणती ते लिहीत नाही, कागदाला लाज आहे. ऐकलीस तर कळेल.’

मी इतका हसलो की मला बसवेना. आणि मग हसता हसता थांबलो, कारण त्या मंगळवारनंतर सहा दिवसांनी सोमवार होता. म्हणजे येत्या बुधवारी, तीनला पाच कमी असताना, ती शेवटची घरी येणार होती.

८

बुधवारी मी कुठेही गेलो नाही. सकाळी खोली झाडली. वेताच्या खुर्चीतली गादी झटकून ठेवली. माझी खुर्ची तिच्याजवळ नेऊन ठेवली, मग वाटलं वाटेत येईल, म्हणून थोडी मागे घेतली. पाण्याचा तांब्या भरला. हे सगळं निरर्थक आहे, हे मला कळत होतं. पोचलेल्या पत्रात आपल्याला शब्द घालता येत नाही.

अडीचला वाटलं, निघून जावं. पायवाट होतीच. खरं सांगतो, दारापर्यंत गेलो. तिला मरताना ऐकायचं, आणि काही करायचं नाही, हे कोणत्या नियमात बसतं? मग वाटलं, मागच्या वेळी मी हेच केलं होतं. पायवाटेने गेलो होतो. परत येऊन बसलो.

गाडीचं दार वाजलं. फाटक. पहिली पायरी. दुसरी पायरी फार वेळाने. कुलपात किल्ली शोधत राहिली. दार हललं नाही, पण उघडलं. किल्ल्या ताटलीत पडल्या नाहीत.

“आहेस का रे?”

आवाज या वेळी फिका नव्हता.

“आहे, अक्का,” मी म्हणालो.

“बरं.”

गादी दबली. मी समोर पाहत होतो तोवर दबलेली गादी एवढंच दिसत होतं. शेजारी पुस्तकांच्या कपाटाला काच आहे. तीत खुर्चीचा कोपरा दिसतो. त्या कोपऱ्यात राखी स्वेटरची बाही होती आणि मिटलेली मूठ. मी पुन्हा खुर्चीकडे पाहिलं, तिथे गादी. काचेकडे परत पाहायचं धैर्य झालं नाही.

“पाणी आणू?”

“नको. बस जरा.”

मी बसलो. माझ्या बोलण्यामुळे ती तसं म्हणाली, असं माझं म्हणणं नाही. ती ते तेवीस दिवसांपूर्वी, रिकाम्या घरात म्हणाली होती. तिच्या दोन वाक्यांमधली जागा माझ्या वाक्याएवढी होती, इतकंच मी नमूद करतो. पण मग त्या सोमवारी, मी तिकडे चहा पीत असताना, तिला “आहे” कोण म्हणालं? ती कोणाला “बस” म्हणाली? हा प्रश्न मी तपासाला घेतला आणि तसाच ठेवून दिला.

खुर्चीच्या हातावर मी हात ठेवला. तिचा हात लागला असं मी लिहिणार नाही. वेत कोमट होता. त्या बाजूला दुपारचं ऊन येत नाही.

वीस मिनिटं श्वास ऐकू येत होता. मी पान नऊविषयी बोललो, नळाविषयी बोललो, वडिलांच्या सायकलीविषयी बोललो. शिवीपाशी आलो तेव्हा मुठीतल्या किल्ल्या जराशा वाजल्या. सव्वातीनला मी बोलायचं थांबलो, कारण माझाच आवाज तेवढा उरला होता.

संध्याकाळपर्यंत गादी वर आली नाही. मग कधीतरी आली असावी. मी पाहत होतो, तरी मला दिसलं नाही.

९

त्यानंतर घर शांत आहे.

आठ दिवसांनी अक्काच्या विभागातल्या बाई आल्या. त्या इतक्या उंच आहेत की अक्का आणि मी त्यांना मागे ‘दुर्बीण’ म्हणत असू. पान नऊ, ओळ चौदाचा मोठ्या दुर्बिणीने काढलेला नवा फोटो त्यांनी आणला होता. रडल्या. मग मला फोटो दाखवला.

“काका, खरी निघाली. दोन्ही ठिपके एकच क्वेसार. आणि हे बघा.”

मधल्या दीर्घिकेच्या उजेडात बुडालेले आणखी दोन ठिपके होते. बोट ठेवल्याशिवाय दिसले नसते.

“म्हणजे चार?”

“चार. हे दोन दीर्घिकेच्या अगदी जवळून आलेत, म्हणून आजवर कुणाला दिसले नाहीत.”

“आणि हे पोचतात कधी?”

“सगळ्यांच्या नंतर. जो जितका जवळून येतो, तो तितका उशिरा. आणि तितका फिका.”

“पण किती उशिरा?”

“मोजल्याशिवाय नाही सांगता यायचं. कुठे आठवडे, कुठे महिने.” मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “तुम्ही का विचारताय?”

“नोंद ठेवायची आहे,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी निवास विभागात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी ‘घरगुती अडचण’ वाचून चष्म्यावरून पाहिलं.

“अडचण म्हणजे नेमकं काय?”

“एक माणूस घरी यायचं आहे. पत्ता इथलाच आहे.”

“कधी येणार?”

“कळलेलं नाही.”

“साहेब, असं बिनतारखेचं कसं चालेल?”

चालत नाही, हे मला त्यांच्याहून जास्त माहीत आहे. अशा अर्जांवर मी स्वतः ‘मोघम. परत.’ असं लिहीत आलो. पण त्या बाई भल्या निघाल्या. त्यांनी तारखेच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि शिक्का उठवला.

ती आणखी एखाद्या रस्त्याने आली, तर आधी संत्री येतील, शिंका येतील, ती शिवी येईल, आणि शेवटी तो सोमवारही पुन्हा येईल. हे मला ठाऊक आहे. माझं म्हणणं इतकंच, की त्या वेळी घरात कोणीतरी असावं.

अर्जाला आवक क्रमांक ३१८ पडला आहे. पत्रात दिलेली मुदत येत्या शुक्रवारी संपते. काल चौकशी केली असता फाइल वरच्या टेबलावर असल्याचं समजलं. अर्ज विचाराधीन आहे.